रॉरी गॅलाहरचे चौदा अल्बम : क्रमवारीच्या नोंदी

२ मार्च २०२५

आज आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक आणि गायक रॉरी गॅलाहरचा वाढदिवस. १९४८ साली याच तारखेला आयर्लंडमधल्या डोनेगल काउंटीत, बॅलीशॅननला तो जन्मला. काम सुरू करायला आजच्यापेक्षा चांगला दिवस मिळाला नसता.

आम्ही नऊ जण आहोत. नऊही जण त्याच्या गिटारवर जीव टाकणारे, आणि नवांपैकी कुणालाही दुसऱ्याचा क्रम मान्य नाही. १४ जूनला त्याला जाऊन ३० वर्षं होतील. त्या दिवशी एकत्र बसून ऐकायचं हे ठरलेलंच आहे. त्याआधी त्याच्या अल्बमांचा एक क्रम लावायचा आणि तो तसा का लागला तेही लिहून ठेवायचं, असं आज ठरलं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

९ मार्च

कोणते अल्बम धरायचे यावर अख्खी दुपार गेली. शेवटी चौदा धरले. १९७१ ते १९९० या काळात त्याच्या स्वतःच्या नावावर आलेले अकरा स्टुडिओ अल्बम आणि तीन लाइव्ह : 'लाइव्ह इन युरोप' (१९७२), 'आयरिश टूर ७४' (१९७४) आणि 'स्टेज स्ट्रक' (१९८०).

'टेस्ट' या त्याच्या आधीच्या बँडचे अल्बम बाहेर ठेवले. 'ऑन द बोर्ड्स' (१९७०) वगळताना मला वाईट वाटलं. तिथे त्याने सॅक्सोफोन हातात घेऊन जॅझकडे जी वाट काढली, तिच्याकडे नंतर तो इतक्या मोकळेपणाने क्वचितच वळला. पण तो तिघांचा बँड होता. जॉन विल्सनचे ड्रम आणि रिचर्ड मॅक्रॅकनचा बेस बाजूला काढून ते संगीत एकट्या रॉरीच्या नावावर लिहिणं बरोबर नाही.

'नोट्स फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को' हा अल्बमही नाही धरला. १९७७-७८च्या हिवाळ्यात एलियट मेझर या निर्मात्याबरोबर केलेलं ते ध्वनिमुद्रण त्याने स्वतःच रद्द केलं होतं. ते बाहेर आलं २०११ साली, त्याच्या पश्चात. जे त्याला लोकांसमोर ठेवायचं नव्हतं, त्याला आपण गुण देऊ नयेत, असं गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य म्हणाल्या. त्यांना आम्ही ताई म्हणतो. त्यावर कुणी वाद घातला नाही.

आणखी एक नियम : नंतरच्या आवृत्त्यांत जोडलेली जादा गाणी मोजायची नाहीत. 'टॅटू'च्या नव्या आवृत्तीत 'टक्सन, ॲरिझोना' आहे, 'ब्लूप्रिंट'मध्ये 'ट्रीट हर राइट' आहे. दोन्ही मला आवडतात, तरीही नाही.

१६ मार्च

पद्धत साधी ठेवली. प्रत्येकाने चौदाही अल्बम क्रमाने लावायचे. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला १३, असं करत शेवटच्याला १. याद्या २३ तारखेपर्यंत माझ्याकडे.

लोकांनी रॉरीला कौल देणं तसं जुनंच आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला एरिक क्लॅप्टनसारख्या गाजलेल्या गिटारवादकाच्या पुढे ठेवलं होतं. आणि तेही त्याने सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या तबकड्या, काढायला नकार दिलेला असताना. म्हणजे त्या वाचकांपुढे होतं ते फक्त अल्बम आणि मैफली. आपल्यापुढेही आज तेवढंच आहे, मैफली सोडून. त्यांच्या जागी ते तीन लाइव्ह अल्बम.

२३ मार्च

नऊही याद्या आल्या. बेरीज दोनदा केली.

पहिला 'कॉलिंग कार्ड', ११५ गुण. 'आयरिश टूर ७४' ला ९९.

मला हे पटेना, म्हणून याद्या पुन्हा उघडल्या. सहा जणांनी 'आयरिश टूर' पहिला ठेवलाय, एकाने दुसरा. राहिलेल्या दोघांनी तो थेट चौदावा, म्हणजे शेवटी टाकलाय. 'कॉलिंग कार्ड' फक्त दोघांचा पहिला आहे, पण तो कुणाच्याच यादीत चौथ्याच्या खाली नाही. म्हणून बेरजेत तो वर निघून गेला. या दोनच अल्बमांत निवडायला सांगितलं तर नवांपैकी सात जण 'आयरिश टूर' घेतील. तरीही तो हरला.

त्या दोघांचा हेतू वाकडा असता तर प्रश्न सोपा होता. पण तसं नाही. दोघांनाही मी ओळखतो. लाइव्ह अल्बम हा अल्बमच नव्हे, ती आधीच केलेल्या गाण्यांची आठवण असते, असं त्यांचं मनापासून मत आहे.

माझ्या यादीतही एक गोष्ट खटकली. 'टॅटू' मी सहावा लावलाय. का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. आणि बाकीच्या आठ जणांच्या मिळून बेरजेतही तो सहावाच आलाय.

३० मार्च

त्या दोघांशी बोलणं झालं. त्यांच्या म्हणण्याचा सगळा भार 'आधीच केलेली गाणी' या शब्दांवर आहे, म्हणून आधी तेच तपासलं.

'लाइव्ह इन युरोप'मध्ये सात गाणी आहेत. त्यातली 'लाँड्रोमॅट' आणि 'इन युवर टाउन' ही दोनच त्याच्या स्टुडिओ अल्बमांत सापडतात. 'मेसिन विथ द किड', 'आय कुडव्ह हॅड रिलिजन', ब्लाइंड बॉय फुलरचं 'पिस्टल स्लॅपर ब्लूज', मेंडोलिनवरचं 'गोइंग टू माय होम टाउन', 'बुलफ्रॉग ब्लूज' : ही पाच ऐकायची तर हाच अल्बम. 'आयरिश टूर'मध्ये 'टॅटू'तली चार आणि 'ब्लूप्रिंट'मधलं 'वॉक ऑन हॉट कोल्स' आहे. जे. बी. हुटोचं 'टू मच अल्कोहोल' आणि टोनी जो व्हाइटचं 'ॲज द क्रो फ्लाइज' मात्र त्याने स्टुडिओत जाऊन कुठल्याही अल्बमवर घेतलेलं नव्हतं.

म्हणजे रॉरीसाठी लाइव्ह अल्बम ही नवं काही सांगायचीही जागा होती. त्या काळात तो वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावर असे. ज्या ब्लूजवाल्यांवर तो वाढला, त्यांची गाणी तो रंगमंचावरच गायचा आणि तिथेच ती त्याची होत. दोघांपैकी एकाने हे मान्य केलं. दुसरा म्हणाला, विचार करतो. मला तेवढं पुरे.

६ एप्रिल

आता 'टॅटू'. आजचा दिवस फक्त त्यालाच दिला.

'क्रेडल रॉक', 'टॅटूड लेडी', 'हूज दॅट कमिंग' आणि 'अ मिलियन माइल्स अवे' ही चार गाणी १९७३च्या 'टॅटू'वर आहेत आणि हीच चार 'आयरिश टूर'वरही. बँड तोच : बेसवर गेरी मॅकव्हॉय, ड्रमवर रॉड डीॲथ, कीबोर्डवर लू मार्टिन. दोन्हींत जेमतेम काही महिन्यांचं अंतर. आमच्यातल्या बहुतेकांनी आधी 'आयरिश टूर' ऐकला आणि 'टॅटू'कडे नंतर गेलो. त्यामुळे स्टुडिओतली रूपं आम्ही कायम 'अजून न तापलेली' म्हणून ऐकली. मी तरी तशीच ऐकली. आज क्रम उलटा केला. आधी पूर्ण 'टॅटू', मग दोन तास काहीच नाही, आणि नंतर ती चार लाइव्ह गाणी.

'टॅटूड लेडी' जत्रेतल्या माणसांचं गाणं आहे. गोंदवून घेतलेली बाई आणि तिच्या भोवतीची मंडळी हेच गाणाऱ्याचं घरदार. 'आयरिश टूर'मध्ये ते सुसाट जातं आणि श्रोता गिटारच्या मागे धावतो. 'टॅटू'वर शब्द पुढे येतात, आणि ते फिरत्या बँडमधल्या माणसाने लिहिलंय हे लगेच कळतं. पंधराव्या वर्षापासून शोबँडमध्ये, म्हणजे नाचघरांत वाजवत फिरणाऱ्या बँडमध्ये, हिंडलेला मुलगा दुसऱ्या कुणाला घरदार म्हणणार?

'अ मिलियन माइल्स अवे'बद्दल माझं मत आज बदललं. हॉटेलातला गजबजलेला बार आणि त्यात एकटा बसलेला माणूस, एवढाच त्याचा विषय. लाइव्ह रूप साडेनऊ मिनिटांच्या आसपास जातं. मधे रॉरी गिटारचा आवाज इतका खाली आणतो की सभागृहाचा श्वास ऐकू यावा, आणि तिथून एकेक सूर उचलत पुन्हा वर नेतो. ती जागा त्याच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत मला सर्वांत प्रिय आहे आणि राहील. पण स्टुडिओतलं रूप एकटेपणा वाढवत नेत नाही. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यातच बसून राहतं, आवाज चढवायची गरज त्याला वाटत नाही. दोन वेगळी माणसं एकच गोष्ट सांगताहेत असं वाटलं. एक जण हजारो लोकांना सांगतोय, दुसरा स्वतःला.

शिवाय 'टॅटू'वर जे आहे आणि 'आयरिश टूर'वर नाही, ते आम्ही जवळपास विसरलोच होतो. 'दे डोन्ट मेक देम लाइक यू एनीमोर'मध्ये लू मार्टिन आणि रॉरी एकमेकांना जे उत्तर-प्रत्युत्तर देतात त्यात जॅझचा हलकेपणा आहे. '२०:२० व्हिजन'मध्ये विजेची गिटार बाजूला ठेवली आहे. एका अल्बममध्ये इतक्या तऱ्हा, आणि एकही उपरी वाटत नाही.

माझा सहावा क्रमांक चुकीचा होता. खोडला.

७ एप्रिल

कालची नोंद सगळ्यांना वाचून दाखवली. त्याच पद्धतीने प्रत्येकाने 'टॅटू' ऐकावा अशी विनंती केली. क्रम बदला असं म्हटलं नाही.

१३ एप्रिल

मोजायची पद्धत बदलतोय. नव्या याद्या आल्या की प्रत्येक दोन अल्बमांची जोडी लावायची आणि त्या जोडीत कोण किती याद्यांत वर आहे ते बघायचं. चौदा अल्बमांच्या ९१ जोड्या होतात. वेळ लागेल, पण कुणी एखादा अल्बम दुसरा लावला की चौदावा, याने बाकीच्यांचं मत पुसलं जाणार नाही. नऊही जणांनी होकार दिला. ज्यांचा 'कॉलिंग कार्ड' पहिला होता त्या दोघांनीही. याचं मला खरंच बरं वाटलं.

२० एप्रिल

'कॉलिंग कार्ड' (१९७६) पुन्हा. माझा राग 'कॉलिंग कार्ड'वर निघू नये म्हणून मुद्दाम.

डीप पर्पल या रॉक बँडचा रॉजर ग्लोव्हर इथे निर्माता आहे. याआधी रॉरी आपले अल्बम स्वतःच करायचा. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत केलेल्या या कामात प्रत्येक वाद्याला आपली जागा मिळाली आहे. 'मूनचाइल्ड'ची गिटारची ओळ ऐकणाऱ्याला पहिल्याच फेरीत पाठ होते. 'एज्ड इन ब्लू' आणि 'आय विल ॲडमिट यू आर गॉन' ही दोन गाणी त्याच्यातला गीतकार किती हळवा होता याचा पुरावा आहेत. चौकडीचा हा शेवटचा अल्बम. पुढे डीॲथ आणि मार्टिन गेले, आणि १९७८चा 'फोटो-फिनिश' पुन्हा तिघांचा झाला, ड्रमवर टेड मॅकेना.

दुसरा क्रमांक याला शोभतो. पहिला मात्र मी देणार नाही. चौकडी इथे नीटनेटकी वाजते. बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कमध्ये ती जीव ओतून वाजते.

२७ एप्रिल

'ड्यूस' (१९७१). ज्याने याला पहिला ठेवलाय तो आमच्यातला एकमेव गिटार वाजवणारा. त्याने आज स्वतः वाजवून दाखवलं. 'क्रेस्ट ऑफ अ वेव्ह'मधली स्लाइड (तारांवर नळी घसरवत वाजवायची तऱ्हा), आणि मग 'आय ॲम नॉट अवेक यट' मधली अकूस्टिक गिटार, जिच्यात आयरिश लोकसंगीत आणि जॅझ एकमेकांत असे मिसळलेत की सांधा दिसत नाही. पहिल्या अल्बमनंतर सहाएक महिन्यांत, त्याच वर्षी हा आला. पहिल्यावर थोडा जपून वाजवलेला हात इथे मोकळा सुटलाय. ड्रमवर विल्गर कॅम्पबेल. कॅम्पबेलबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून त्याचं नाव इथे मुद्दाम लिहितोय.

गप्पा मग त्या गिटारवर गेल्या. १९६१ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. १९६३ साली कॉर्कमधल्या क्रॉली यांच्या दुकानातून १०० पौंडांना घेतलेली, तीही हप्त्यांवर. चोरीला गेली आणि पावसात भिजलेली परत सापडली. रंग बहुतेक सगळा उडालेला. २०२४ साली लंडनच्या लिलावात ती ८,८९,४०० पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. ती कुणाच्या तिजोरीत न जाता आयर्लंडला परतली हे ऐकून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

४ मे

'अगेन्स्ट द ग्रेन' (१९७५) आणि 'ब्लूप्रिंट' (१९७३) एकामागून एक.

'अगेन्स्ट द ग्रेन'मधलं 'आउट ऑन द वेस्टर्न प्लेन' पुन्हा पुन्हा लावलं. गाणं लेड बेलीचं, अमेरिकेतल्या गुराख्यांचं. रॉरीने तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या आणि टेक्सासच्या माळावर डोनेगलचा वारा सोडला. मूळ गाण्याचा मान राखून ते इतकं आपलं करता येतं, हे शिकायचं असेल तर इथे यावं. 'ब्लूप्रिंट'मध्ये 'डॉटर ऑफ द एव्हरग्लेड्स' फार सुंदर. बाकी अल्बम थोडा विस्कळीत.

११ मे

'टॉप प्रायॉरिटी', 'जिंक्स', 'स्टेज स्ट्रक'. पहिल्यात 'फिल्बी' आणि 'बॅड पेनी' ही दोन गाणी मोठी. 'स्टेज स्ट्रक' सगळ्यांच्याच यादीत खाली आहे आणि तिथेच राहील. त्यात आवाज आहे, पण 'आयरिश टूर'मधला तो खाली उतरलेला क्षण एकदाही येत नाही.

१८ मे

आज ताईंचं ऐकून घेतलं. 'फ्रेश एव्हिडन्स' (१९९०) त्यांनी एकट्यांनी तिसरा लावला होता. बाकी सगळ्यांनी नववा किंवा त्याखाली.

त्यांचं म्हणणं असं : आपण त्याच्यावर सत्तरच्या दशकातल्या तरुण रॉरीसाठी प्रेम करतो, आणि म्हणून शेवटच्या रॉरीला नीट ऐकतच नाही. तब्येत साथ देत नव्हती. नंतर आणखी स्टुडिओ अल्बम झालाच नाही. या अल्बममध्ये तो आपल्या सगळ्या माणसांना, म्हणजे त्याला प्रिय असलेल्या संगीतकारांना, एकदा भेटून येतो. 'किंग ऑफ झायडेको'त क्लिफ्टन शेनियेला, 'अलेक्सिस'मध्ये अलेक्सिस कॉर्नरला, 'एम्पायर स्टेट एक्सप्रेस'मध्ये सन हाउसला. मार्क फेल्टमचा हार्मोनिका त्याच्या आवाजातल्या खरखरीला आधार देतो. आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही. त्या म्हणाल्या, चढायची गरजही नाही, आता तो सांगतो ते आपण पुढे वाकून ऐकायचं असतं.

मग 'हेवन्स गेट' लावलं. संपल्यावर बराच वेळ कुणी पुढचं गाणं लावलं नाही.

मी माझ्या यादीत तो अकरावरून सातवर आणला. 'टॅटू'साठी मी जे मागत होतो तेच ताई यासाठी मागत होत्या. मला ते आधी कळायला हवं होतं.

१ जून

दुसऱ्या याद्या आल्या. ९१ जोड्या मोजायला दोन संध्याकाळ लागल्या. एकाने आकडे वाचले, दुसऱ्याने लिहिले, तिसऱ्याने पडताळले.

'आयरिश टूर ७४' बाकीच्या तेराही अल्बमांशी लावलेल्या जोड्यांत वर निघाला. एकही जोडी हरला नाही. तो चौदावा लावणाऱ्या दोघांपैकी एकाने या वेळी तो तिसरा लावलाय. दुसऱ्याने अजूनही शेवटीच ठेवलाय. त्याचं मत त्याच्या नावाने नोंदींत राहील.

दुसरा 'कॉलिंग कार्ड'.

तिसरा 'टॅटू'. 'ड्यूस'शी त्याची जोडी ५ विरुद्ध ४ अशी सुटली. एका मताने. गिटार वाजवणारा मित्र नाराज झाला, आणि त्याची नाराजी मला रास्त वाटते. चौथा 'ड्यूस', पाचवा 'लाइव्ह इन युरोप', सहावा 'अगेन्स्ट द ग्रेन', सातवा १९७१चा पहिला अल्बम. त्याखाली 'फ्रेश एव्हिडन्स', आठवा. मार्चमध्ये तो बारावा होता. मग 'फोटो-फिनिश', 'ब्लूप्रिंट', 'टॉप प्रायॉरिटी', 'डिफेंडर', 'जिंक्स'. शेवटी 'स्टेज स्ट्रक'.

८ जून

१४ तारखेचा क्रम ठरवायला बसलो. सगळं ऐकणं एका दिवसात शक्य नाही. वरचे चार अल्बम पूर्ण, बाकीच्यांतून एकेक गाणं. 'डिफेंडर'मधून 'कॉन्टिनेंटल ऑप', 'फोटो-फिनिश'मधून 'शॅडो प्ले', पहिल्या अल्बममधून 'आय फॉल अपार्ट', 'फ्रेश एव्हिडन्स'मधून अर्थातच 'हेवन्स गेट'.

'टॅटू' आधी आणि 'आयरिश टूर' शेवटी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दोन्हींच्या मधे दोन तास मोकळे ठेवलेत. त्या वेळात काहीही लावायचं नाही, असं ताईंनी कागदावर खाली लिहून घेतलं आणि दोनदा अधोरेखित केलं.